वांकडा पाट

सोनाळ्याला आमची संत्र्यांची लहानशी बाग आहे आणि त्या बागेंत पाण्याचा एक पाट आहे. हा पाट वांकडा आहे. विहिरीपासून निघाल्यावर त्यानें सरळ दक्षिणेकडे उतरावें, तर तसें न करतां तो मध्येंच पूर्वेला वळतो, एका कडुनिंबाला वळसा घालतो, आणि कांहीं विसरलेली गोष्ट आठवल्याप्रमाणें पुन्हां मागें येऊन झाडांच्या ओळींत शिरतो. शेजारच्या बागेंतला पाट निराळ्या वाटेनें जातो. त्याच्या पलीकडच्या बागेंतला आणखी निराळ्या. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला दूरवर पूर्णा नदी, हा उतार मात्र सर्वांना सारखाच आहे.

बी. ए.च्या वर्गांत असतांना एका उन्हाळ्याच्या सुटींत मीं या पाटाची सुधारणा करावयाचें मनावर घेतलें. कागदावर पट्टीनें रेघा ओढून नकाशा तयार केला. मधोमध मुख्य पाट, त्याच्या दोहों बाजूंना काटकोनांत निघालेले दांड, आणि प्रत्येक दांडावर सारख्या अंतरानें आळीं. माझे वडील बंधु माझ्याहून दहा वर्षांनीं मोठे. त्यांना आम्ही दादा म्हणतों. मॅट्रिक होऊन ते शेतींत पडले, म्हणून मला पुढें शिकतां आलें. दादांनीं माझा नकाशा नीट पाहिला, “कर बावा” एवढेंच म्हणाले, आणि कुदळ माझ्या हातांत दिली. दोन दिवस खपून मीं सरळ पाट खणला. तिसऱ्या दिवशीं पाणी सोडलें. वाटेंत जमिनीखालीं मुरमाचा एक पट्टा होता, त्याची माझ्या नकाशाला कांहींच खबर नव्हती! पाणी तेथें पोहोंचलें आणि जमिनींत गडप होऊं लागलें. पुढचीं झाडें कोरडीं राहिलीं. चौथ्या दिवशीं सकाळीं उठून पाहतों, तों पाट पूर्वींसारखा वांकडा झालेला. दादा एक अक्षरहि बोलले नाहींत.

तो कागद मीं फाडून टाकला. परंतु मनांतला नकाशा कांहीं फाटला नाहीं. पुढें मी इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक झालों, आणि तीस वर्षें विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतले वांकडे पाट लाल पेन्सिलीनें सरळ करीत आलों.

या जुन्या गोष्टीची आठवण होण्याचें कारण गेल्या कार्तिकांत घडलें. दादा पहाटे बागेंत गेले होते. आंबिया बहाराच्या फळांना रंग चढूं लागला होता, तो पाहावा म्हणून त्यांनीं मान वर केली, आणि आभाळ गरकन् फिरलें. ते खालीं बसले. ओकारी झाली. उठावयाला गेले कीं प्रत्येक वेळीं डाव्या अंगाला कलंडत. हातपाय हलत होते, तोंड वांकडें झालें नव्हतें, बोलणें स्वच्छ होतें. त्यामुळें घरांतल्या सर्वांचें एकमत झालें कीं हें पित्त आहे. कोणीं लिंबाचें सरबत दिलें, कोणीं डोक्यावर ओला पंचा ठेवला. माझी पुतणी वैद्यकीय महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला आहे. तिला फोन केला, तेव्हां तिनें एकच प्रश्न विचारला: “बाबा चालून दाखवतात का?” बाबांना चालतां येत नव्हतें. “मग एक मिनिटहि थांबूं नका. अकोल्याला आणा,” ती म्हणाली.

ही एवढी गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी, म्हणून थोडी विस्तारानें सांगितली. हात लुळा पडला किंवा तोंड वांकडें झालें कीं मेंदूचा झटका आपण ओळखतों. पण लहान मेंदूचा झटका पित्ताचें सोंग घेऊन येतो. अचानक भोवळ आली आणि पाय जमिनीवर ठरेना, तर सरबत करीत बसूं नये.

मी अमरावतीहून अकोल्याला पोहोंचलों तोंवर एम. आर. आय. झाला होता. डॉक्टर तरुण होते आणि त्यांना समजावून सांगण्याची हौस होती. पडद्यावरचें चित्र दाखवीत त्यांनीं जें सांगितलें, तें मीं त्या दिवशीं अर्धवट आणि पुढें पुस्तकें वाचून थोडें अधिक समजून घेतलें.

डोक्याच्या मागच्या अंगाला, मानेच्या वर, लहान मेंदू असतो. शास्त्रांत त्याला अनुमस्तिष्क म्हणतात. आकारानें तो सबंध मेंदूचा सुमारें दहावा हिस्सा. पण २००९ सालीं ब्राझीलमधील संशोधकांनीं मेंदूंतल्या पेशी मोजल्या, तेव्हां सुमारें ८६ अब्ज चेतापेशींपैकीं ६९ अब्ज या लहान मेंदूंतच निघाल्या. पाऊल नेमकें पडावें, सुईंत दोरा जावा, पाण्यानें भरलेला पेला न हिंदकळतां ओंठांशीं यावा, हीं कामें तो करतो, आणि तीं इतकीं निमूटपणें करतो कीं तो बिघडेपर्यंत त्याचें अस्तित्वहि आपल्याला जाणवत नाहीं.

त्याला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांची रचना पुस्तकांत मोठी सुबक आहे. मानेच्या मणक्यांतील भोंकांतून दोन धमन्या, एक डावी व एक उजवी, वर चढतात, कवटींत शिरतात आणि एकत्र होऊन त्यांची एक मोठी धमनी बनते. लहान मेंदूला प्रत्येक बाजूनें तीन शाखा मिळतात: एक वरची, एक पुढची खालची आणि एक मागची खालची. पहिल्या दोन त्या एकत्र झालेल्या मोठ्या धमनींतून निघतात. तिसरी मानेंतून आलेल्या धमनींतूनच फुटते. तीन डावीकडे, तीन उजवीकडे. चित्र असें कीं मधोमध घडी घातली तर दोन्ही बाजू एकमेकींवर तंतोतंत बसाव्या. माझ्या जुन्या नकाशाचीच ही दुसरी आवृत्ति!

दादांच्या डोक्यांत मात्र असें कांहीं नव्हतें. मानेंतल्या दोन धमन्या अगदीं सारख्या क्वचितच असतात. बहुधा डावी मोठी असते. दादांची डावीच जन्मापासून बारीक होती. डाव्या बाजूची मागची खालची शाखा तर नव्हतीच. तिच्या वांट्याचें शेत शेजारच्या, म्हणजे पुढच्या खालच्या शाखेनें आपल्या ताब्यांत घेतलें होतें आणि त्यासाठीं ती जाडहि झाली होती. “मग हा जन्मजात दोष का?” मीं विचारलें. डॉक्टरांनीं अहवालावरच्या दोन शब्दांवर बोट ठेवलें: नॉर्मल व्हेरिअंट. “दोष नाहीं सर, प्रकार आहे,” ते म्हणाले. “पुष्कळांचे पाट असे निराळे असतात. तिघींत वरची शाखा सर्वांत भरंवशाची, तरी तीहि कोणाकोणाला दुहेरी असते. मागची खालची सर्वांत लहरी. कोणाला ती नसते, कोणाला दोन असतात, कोणाची कवटीच्या खालींच फुटते.”

रक्ताची गुठळी अडकली होती ती त्या बारीक डाव्या धमनींत. पुस्तकांतल्या माणसाची मागची खालची शाखा तेथूनच निघते. तेव्हां त्याच्या डाव्या लहान मेंदूचा मोठा भाग पाण्यावांचून गेला असता. दादांचा भाग वांचला, कारण त्याचें पाणी तिकडून येतच नव्हतें. मेंदूच्या देंठाकडे जाणाऱ्या एकदोन बारीक फांद्यांना मात्र झळ लागली होती, आणि भोवळ व गेलेला तोल हा त्यांचा परिणाम होता.

“म्हणजे वांकड्या पाटानेंच वांचवलें!” मीं एकदम म्हणालों. एवढ्या दिवसभरांत तोंडावर हंसूं आलें तें तेव्हां. डॉक्टर मात्र हंसले नाहींत. ते म्हणाले, “या वेळीं वांचवलें. पण तीच गुठळी सरकून उद्यां त्या पुढच्या शाखेंत अडकली, तर एका पाटावरचीं दोन शेतें एकदम वाळतील. शिवाय आंतल्या कानाची फांदीहि बहुधा त्याच शाखेंतून जाते. त्या बाजूचें ऐकूं येणें बंद होईल. आणि लहान मेंदूचा मोठा भाग सुजला तर कवटींत त्या सुजेला जागा नसते. सगळा दाब देंठावर येतो. श्वास तेथून चालतो. तीनचार दिवस आम्ही डोळ्यांत तेल घालून पाहणार आहोंत.”

ते तीन दिवस मीं रुग्णालयाच्या बांकावर काढले. ज्या वांकडेपणानें दादांना वांचवलें त्याचीच भीति उशाशीं घेऊन बसावें लागलें. पुतणी सुटी काढून आली होती. तिच्या पिशवींत शरीरशास्त्राचें एक जाडजूड पुस्तक होतें. मी तें चाळूं लागलों. झोंप येत नव्हती, आणि हातांत पुस्तक असलें कीं प्राध्यापकाला आपण कांहीं करतों आहों असें वाटतें.

तें ग्रेचें ‘ॲनाटॉमी’ होतें. १८५८ सालीं लंडनला प्रथम निघालेल्या या ग्रंथाच्या वाचकांनीं शरीराचा जो नकाशा मनांत साठवला, त्याचीं मूळ चित्रें काढलीं हेन्री व्हँडाइक कार्टर यांनीं. मला मौज वाटली ती पुढच्या गोष्टीची. पुस्तक निघालें त्याच वर्षीं कार्टर मुंबईला आले आणि १८४५ मध्यें स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शरीरशास्त्र शिकवूं लागले. पुढें ते कांहीं वर्षें साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. महारोग आणि पायाला सडविणारा ‘मदुरा फूट’ यांवर त्यांनीं आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें खर्च केलीं. ग्रे बिचारे १८६१ मध्यें देवीच्या रोगानें अवघ्या ३४ व्या वर्षीं गेले. पुस्तकाला नांव राहिलें त्यांचें. चित्रें काढणारा मात्र तीस वर्षें आपल्या इकडच्या रोग्यांत वावरत होता.

“या चित्रासारखें तुम्हांला प्रत्यक्षांत दिसलें का?” मीं पुतणीला विचारलें. ती म्हणाली, “काका, आमच्या टेबलावर ज्या आजोबांचा देह होता त्यांची एका बाजूची शाखा दुहेरी होती. शेजारच्या टेबलावर निराळेंच होतें. सगळे एकमेकांच्या टेबलांवर पाहायला जात असूं.” क्षणभर थांबून ती म्हणाली, “परीक्षेंत मात्र मीं पुस्तकांतलेंच लिहिलें. मार्क पुरे मिळाले.”

तिनें तें सहज सांगितलें. मला मात्र ती पेन्सिल आपल्याच हातांत असल्यासारखें वाटलें.

पाटाची उपमा डॉक्टरांना सुचली, मला सुचली, म्हणून ती नवी आहे असें नाहीं. सुश्रुतानें शारीरस्थानांत सातशें शिरा सांगतांना हीच उपमा दिली आहे: बागेला जसे पाण्याचे पाट आणि शेताला जसे कालवे, तशा शरीराला शिरा. ॲरिस्टॉटललाहि रक्तवाहिन्यांविषयीं लिहितांना बागेंतले पाटच आठवले. दोघेहि शेतीच्या देशांतले, तेव्हां यांत नवल नाहीं. परंतु उपमेचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे पाट खणला कसा जातो हा, कळावयाला पुष्कळ काळ जावा लागला. अमेरिकेंत डॉर्कस पॅजेट नांवाच्या बाई वॉल्टर डँडी या विख्यात मेंदुशल्यविशारदासाठीं चित्रें काढीत. चित्रें काढतां काढतां धमन्यांचे हे निरनिराळे प्रकार येतात कोठून, हा प्रश्न त्यांना पडला, आणि १९४८ मध्यें गर्भांतल्या मेंदूच्या धमन्या कशा घडतात यावरचा त्यांचा मोठा निबंध प्रसिद्ध झाला. गर्भांत आरंभीं ठरीव पाट नसतातच. बारीक वाहिन्यांचें एक जाळें असतें. ज्या वाटेनें रक्त अधिक वाहतें ती वाट रुंद होते, बाकीच्या मिटून जातात. सातपुड्याच्या उतारावर मृगाच्या पहिल्या पावसांत शंभर ओघळ धांवतात आणि भाद्रपदापर्यंत त्यांतले चारपांचच उरतात, तसेंच हें. कोणते चार उरतील हें प्रत्येक टेकडीचें निराळें. दादांच्या डाव्या शाखेचा ओघळ ते जन्मण्यापूर्वींच मिटला होता, आणि शेजारणीनें तें काम उचललें होतें. पासष्ट वर्षें त्याचा कोणालाहि पत्ता नव्हता.

शेजाऱ्यानें काम उचलण्याची ही रीत मोठेपणींहि पाहावयास मिळते. मेंदूच्या तळच्या धमनीवलयाला ज्यांचें नांव मिळालें त्या टॉमस विलिस यांनीं १६६४ च्या ग्रंथांत एका मृत गृहस्थाची हकीकत दिली आहे. त्याच्या मानेंतली पुढची एक मोठी धमनी पूर्ण बंद झालेली होती, तरी त्याला झटका आला नव्हता. तो गेला दुसऱ्याच दुखण्यानें. विलिस यांनीं पाहिलें तों त्याच बाजूची मणक्यांतली धमनी पलीकडच्या बाजूच्या तिप्पट जाड झालेली होती.

तीन दिवस उलटले. सूज वाढली नाहीं. चौथ्या दिवशीं सकाळीं दादांनीं डोळे उघडून चहा मागितला, आणि पेला स्वतःच्या हातानें धरला. थोडा चहा पांघरुणावर सांडला. त्यांना तें लाजिरवाणें वाटलें. आम्हांला तो पांघरुणावरचा डाग पाहून बरें वाटलें.

घरीं परत आल्यावर मला एक जुनी उत्तरपत्रिका राहून राहून आठवूं लागली. एका इंग्रजी कवितेंत शेतांत एकटी गात असलेली मुलगी आहे. तिच्या गाण्याचें मर्म सांगा, असा प्रश्न होता. टीकाकारांचीं मतें येणें अपेक्षित होतें. खारपाण पट्ट्यांतल्या एका मुलानें टीकाकारांचें नांवहि न घेतां, आपली आई निंदतांना एकटी गाते तेव्हां शब्द कळत नाहींत आणि तरी विहिरीवर काम करणारा बाप थांबून कां ऐकतो, एवढेंच दोन पानें लिहिलें होतें. मीं समासांत ‘विषयांतर’ असें लिहून पंधरांपैकीं चार गुण दिले. त्या मुलाचा चेहरा मला आठवत नाहीं. त्याचें उत्तर मात्र आठवतें. पाणी झाडापर्यंत पोहोंचलें होतें. तें माझ्या पाटानें आलें नव्हतें, एवढाच त्याचा अपराध.

यावर कोणी म्हणेल कीं मग वांकडें तें सगळेंच चांगलें काय? तसें मुळींच नाहीं. माझ्याकडे येणाऱ्या उत्तरांत वाट चुकलेलींहि पुष्कळ असतात, आणि बागेंत उंदरांनीं फोडलेला पाटहि वांकडाच दिसतो. प्रकार कोणता आणि बिघाड कोणता हें कागदावर कळत नाहीं. शेवटच्या झाडाच्या आळ्यापर्यंत चालत जाऊन माती ओली आहे का, हें पाहावें लागतें. आणि प्रकारालाहि त्याची जोखीम असते, हें मी त्या बांकावर शिकलों. म्हणून पुस्तकांतलें चित्र टाकून द्यावें असें मी म्हणत नाहीं. चित्र ठाऊक नसतें तर दादांचे पाट निराळे आहेत हें डॉक्टरांना तरी कसें कळलें असतें? चित्र पाठ असावें, आणि तरी चाकू उचलण्यापूर्वीं समोरच्या माणसाकडे पाहावें. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. अतुल गोयल यांनीं मानेचे वरचे दोन मणके पट्टी व स्क्रू घालून स्थिर करण्याची रीत बसवली. ती १९९४ मध्यें प्रसिद्ध झाली आणि आज जगभर वापरली जाते. ज्या धमनीची हकीकत मीं येथें सांगितली ती या मणक्यांना अगदीं बिलगून जाते, आणि तिची वाट माणसामाणसांत बदलते. तेव्हां स्क्रू घालणाऱ्यानें ती धमनी त्या माणसांत कोठून जाते हें आधीं पाहूनच घ्यावें लागतें. तेथें पाठांतराच्या भरंवशावर हात चालवून भागत नाहीं. माझ्या लाल पेन्सिलीनें रक्त सांडत नाहीं, म्हणून तीस वर्षें माझें भागलें.

माघांत मी सोनाळ्याला गेलों. बागेचा ताण तोडून पहिलें पाणी द्यावयाचा दिवस होता. शेजारच्या बागांत आतां ठिबक आलें आहे. काळ्या नळ्या पट्टीनें आंखल्यासारख्या सरळ गेल्या आहेत, आणि पाण्याची बचत होते हें दादांनाहि मान्य आहे. “पुढच्या साली बसवू,” ते म्हणतात. असें ते चार वर्षें म्हणत आहेत. ते आतां काठी घेऊन, पाय जरा फांकून चालतात. वळतांना थांबतात. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते विहिरीपाशीं आले आणि त्यांनीं पंपाचें बटण दाबलें.

“काय रे,” ते म्हणाले, “माह्या डोक्यातले पाट तर पाह्यले सगळ्यायनं. तू बी येक डाव फोटो काढून घे. आपन भाऊ हावोत, पन पाट सारखेच असतीन असं काई नाही.”

“निरोगी माणसानें तें काढावें असें डॉक्टर सांगत नाहींत, दादा,” मीं म्हणालों.

“मंग तुले कसं मालूम, तुहे कसे हायेत थे?”

मला कांहींच उत्तर सुचलें नाहीं. पाणी पाटाला लागलें होतें. महिनाभर तापलेली माती तें पीत होती, म्हणून तें अगदीं सावकाश चाललें होतें. दादा त्याच्याबरोबर चालूं लागले आणि मी त्यांच्याबरोबर. मुरमाचा पट्टा यावयाच्या आधींच पाणी पूर्वेला वळलें. कडुनिंबापाशीं दादांनीं माझा खांदा घट्ट धरला, आणि खालीं न पाहतां, पाण्यामागोमाग, तें वळण घेतलें.